कोणाच्या नजरेतला पुरुष?

१८ जून २००२. दक्षिण कोरियातल्या देजॉन शहराचं स्टेडियम लाल शर्टांनी भरून गेलं होतं. फुटबॉल विश्वचषकाच्या बाद फेरीत यजमान कोरियासमोर इटली उभी होती. सामना जादा वेळेत गेला आणि ११७व्या मिनिटाला अन जंग-ह्वानने उडी मारून चेंडू डोक्याने जाळ्यात धाडला. गोल्डन गोलच्या नियमाने खेळ तिथेच संपला, इटली घरी गेली आणि मानेवर केस रुळणारा हा देखणा खेळाडू देशाचा वीर झाला. त्याच वर्षी तो कोरियन टीव्हीवर वेगळ्याही कामासाठी दिसत होता. अभिनेता किम जे-वनबरोबर तो पुरुषांच्या एका लोशनची जाहिरात करत होता. चेहऱ्याचा रंग एकसारखा आणि तुकतुकीत दिसावा म्हणून लावायचं हे लोशन होतं. गोल मारणारा आणि लोशन लावणारा माणूस एकच, यात कोरियन प्रेक्षकांना काही विसंगत वाटलं नाही. लोशन जोरात खपलं.

त्याच्या तीस वर्षं आधी याच देशात तशा केसांवर पोलिसांची कात्री चालली असती. १९६१च्या लष्करी उठावातून सत्तेवर आलेल्या पार्क चुंग-ही यांच्या राजवटीने १९७३मध्ये पुरुषाने लांब केस ठेवणं हा किरकोळ गुन्ह्यांच्या कायद्याखाली शिक्षापात्र गुन्हा ठरवला. पोलिस रस्त्यात तरुणांना अडवून जागच्या जागी केस कापत. त्याच पोलिसांकडे मुलींच्या स्कर्टची लांबी मोजायला पट्टीही असे. कारखान्यासाठी कामगार आणि सीमेसाठी सैनिक, या दोन कामांसाठी राजवटीला पुरुष हवा होता आणि त्याने कसं दिसावं हेही तीच सांगत होती.

के-पॉपमधल्या, म्हणजे कोरियन पॉप संगीतातल्या, पुरुषांविषयी लिहिताना बहुतेक लेख मेकअपपाशी सुरू होतात आणि मेकअपपाशीच संपतात. डोळ्यांतलं काजळ, गुलाबी केस, कानातल्या बाळ्या. हे सगळं खरंच आहे, पण खरा बदल त्यामागे आहे. पुरुष कसा असावा हे ठरवण्याचा हक्क शतकानुशतकं राजाकडे, सेनापतीकडे, बापाकडे आणि कारखान्याच्या मालकाकडे होता. गेल्या तीस वर्षांत कोरियन संगीताच्या बाजारात त्या हक्काचा मोठा हिस्सा शाळा-कॉलेजातल्या मुलींकडे आणि नोकरी करणाऱ्या बायकांकडे गेला. पुढे जगभर जे झालं, ते या एका बदलामुळे झालं.

के-पॉपच्या या पुरुषाचा पूर्वज शोधताना अनेक जण थेट सिल्ला राज्यात जातात. ११४५मध्ये किम बु-सिक या विद्वानाने संकलित केलेल्या ‘सामगुक सागी’ या इतिहासग्रंथात सहाव्या शतकातल्या ‘ह्वारांग’ नावाच्या तरुणांची नोंद आहे. आधी दोन सुंदर स्त्रियांना तरुणांच्या टोळ्यांच्या प्रमुख नेमलं होतं. त्यांच्यातल्या मत्सरातून एकीचा खून झाला, तेव्हा राजाने रूपवान मुलगे निवडले, त्यांना नटवलं आणि टोळ्या त्यांच्या हाती दिल्या. नटलेले योद्धे! कथा मोहक आहे आणि कोरियाच्या पर्यटनपुस्तिकांना ती फार आवडते. पण सिल्लाचे ते तरुण आणि आजचा गायक यांच्यामध्ये हजार वर्षांहून मोठं अंतर आहे, शिवाय मधे कन्फ्युशियसच्या शिकवणुकीवर चालणारं जोसन राज्य, जपानी गुलामगिरी, फाळणी, युद्ध आणि लष्करशाही आहे. ह्वारांग हा आजच्या पुरुषाला मागाहून लावलेला वंशवृक्ष आहे.

खरे पूर्वज जवळचे आणि थोडे अडचणीचे आहेत. ते जपानी आहेत. जपानमध्ये मुलींसाठी लिहिल्या जाणाऱ्या मांगा चित्रकथांमध्ये लांब पापण्यांचा, सडपातळ, हळवा नायक फार आधीपासून होता आणि तिथल्या मुलांच्या गायकगटांचा धंदाही जुना होता. दक्षिण कोरियात जपानी सांस्कृतिक मालावर बंदी होती, पण चोरट्या प्रती येतच होत्या. ऑक्टोबर १९९८पासून किम दे-जुंग सरकारने ती बंदी टप्प्याटप्प्याने उठवली. ‘बॉइज ओव्हर फ्लॉवर्स’ ही २००९मधली तुफान गाजलेली कोरियन मालिका मुळात १९९२मध्ये सुरू झालेल्या एका जपानी चित्रकथेवरच बेतलेली होती. तिच्यातल्या ली मिन-होच्या कुरळ्या केसांची नक्कल आशियाभरच्या केशकर्तनालयांत झाली.

हा पुरुष कोरियात रुजला त्याचं दुसरं कारण पैशाचं. डिसेंबर १९९७मध्ये दक्षिण कोरियाची तिजोरी रिकामी झाली आणि आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या पुढाकाराने सुमारे ५८ अब्ज डॉलरचं साहाय्य घ्यावं लागलं. बदल्यात आलेल्या अटींमुळे कंपन्यांनी हजारोंनी माणसं काढली. आयुष्यभर एकाच कंपनीत राबणारा, घरी कमी बोलणारा, पगार आणून देणारा बाप हा कोरियन पुरुषत्वाचा कणा होता. तो कणा एका हिवाळ्यात मोडला. नोकरी गेल्याचं घरी सांगायची लाज वाटून रोज सकाळी सूट घालून बाहेर पडणारे आणि दिवस बागेत काढणारे पुरुष तेव्हाच्या बातम्यांत वारंवार दिसतात. पुढच्या काही वर्षांत मुली अधिक शिकल्या, कमावत्या झाल्या, लग्न पुढे ढकलू लागल्या. त्यांच्या हातात खर्चाला पैसा आला आणि पडद्यावर कोणाला पाहायचं याची निवडही. २००५च्या अखेरीस आलेल्या ‘द किंग अँड द क्लाउन’ या चित्रपटात ली जून-गीने स्त्रीभूमिका करणाऱ्या नाजूक विदूषकाची भूमिका केली. चित्रपटात एकही बडा तारा नव्हता, तरी पावणेपाच कोटींच्या देशात त्याची सव्वा कोटीच्या आसपास तिकिटं विकली गेली.

संगीतात स्त्रियांच्या या नजरेला यंत्रणेचं रूप दिलं ते ली सू-मान यांच्या ‘एसएम एंटरटेनमेंट’ या कंपनीने. तिचा पाच मुलांचा गट ‘एच.ओ.टी.’ सप्टेंबर १९९६मध्ये आला. त्याआधी १९९२मध्ये ‘सो ताइजी अँड बॉइज’ने रॅप आणि नृत्य आणून कोरियन तरुणाईला वेड लावलं होतंच, पण सो ताइजी स्वतःच्या मर्जीचा कलाकार होता. एच.ओ.टी.मधली मुलं निवडलेली होती, घडवलेली होती. कोणत्या स्वभावाचा मुलगा कोणत्या प्रकारच्या मुलीला आवडेल, याचा हिशेब त्यात होता. चाहत्या मुलींनी पांढरे फुगे आणि पांढरे रेनकोट हा आपला गणवेश ठरवला. प्रतिस्पर्धी ‘सेक्स किस’ गटाच्या चाहत्यांनी पिवळा रंग घेतला. २००१मध्ये एच.ओ.टी. फुटला, तेव्हा रडणाऱ्या मुलींचे घोळके पाहून कोरियन वडीलधारी मंडळी चक्रावली. मुलींच्या या आवडीला कोणी गंभीरपणे घेत नव्हतं. कंपन्या मात्र ती मोजत होत्या.

चाहत्यांची नजर आयडॉलवर, म्हणजे अशा घडवलेल्या गायकावर, किती बारकाईने खिळलेली असते, याची कल्पना बाहेरच्या माणसाला सहज येत नाही. रंगमंचावर सात जण नाचत असतात, पण एकाच मुलावर कॅमेरा रोखून घेतलेलं चित्रीकरण वेगळं पाहिलं जातं. अल्बममध्ये कोणाचं फोटोकार्ड निघेल या आशेने एकच अल्बम अनेकदा विकत घेतला जातो. चाहत्या वाढदिवसाला सोलच्या मेट्रो स्थानकात जाहिरातफलक भाड्याने घेतात. आयडॉलच्या कपाळावरची बट कुठल्या कार्यक्रमात कशी होती, यावर तासन्‌तास चर्चा चालते. हजारो वर्षं स्त्रीच्या शरीराकडे ज्या बारकाव्याने पाहिलं गेलं, त्याच बारकाव्याने इथे पुरुषाकडे पाहिलं जातं, आणि पाहणारी बहुतांशी स्त्री असते.

त्या नजरेला एकच साचा पुरत नाही. २००८मध्ये आलेला ‘शाइनी’ हा गट थोरल्या ताईवर भाळलेल्या कोवळ्या मुलाच्या रूपात समोर आला. त्याच वर्षीचा ‘टूपीएम’ स्नायू दाखवणारा, रंगमंचावर शर्ट फाडणारा निघाला, आणि कोरियन माध्यमांनी त्याला ‘जनावर आयडॉल’ अशी पदवी दिली. दोन्हींना चाहत्या मिळाल्या, अनेकदा त्याच. सुन जंग या अभ्यासिकेने २०११च्या आपल्या पुस्तकात कोरियन आयडॉलच्या पुरुषत्वाचं वर्णन घडवलेलं आणि बहुरूपी असं केलं आहे. हे निरीक्षण अचूक आहे. एका अल्बममध्ये शाळकरी, पुढच्यात गुंड, त्यानंतर राजपुत्र, मग वाळवंटातला भटक्या: गट दर नव्या अल्बमला नवं रूप घेतो. पुरुषत्व ही जन्मजात, अढळ वस्तू आहे असं मानणाऱ्याला इथेच हादरा बसतो, कारण डोळ्यांसमोर ती सहा महिन्यांत बदलताना दिसते.

या बहुरूपीपणाचं सर्वांत सुंदर उदाहरण शाइनीच्या तेमिनचं आहे. २०१७मध्ये आलेल्या ‘मूव्ह’ या त्याच्या गाण्याचं नृत्य जपानी नर्तिका कोहारू सुगावारा हिने बसवलं. त्यात उड्या नाहीत, ताकदीचं प्रदर्शन नाही. खांदा, मनगट, कंबर यांच्या संथ हालचाली आहेत, आणि सुगावारा स्वतः काही भागात त्याच्याबरोबर नाचते तेव्हा दोघांच्या हालचालींत बाईची कुठली आणि पुरुषाची कुठली हे सांगता येत नाही. बाई-पुरुष असा भेद पुसणारं नृत्य करायचं, असं तेमिनने ठरवूनच केलं होतं. कोरियातल्या पुढच्या पिढीच्या मुलग्यांनी ते नृत्य इतक्या वेळा उचललं की नव्या आयडॉलसाठी ती जवळजवळ परीक्षाच झाली.

पाश्चात्त्य देशांतही मेकअप केलेले पुरुष गायक होतेच. लिटल रिचर्ड, डेव्हिड बोवी, प्रिन्स ही परंपरा मोठी आहे. पण तिथे पुरुषाचा मेकअप हे बंड होतं. समाजाला डिवचण्यासाठी, त्याच्या रेषा ओलांडण्यासाठी तो केला जाई. कोरियात तो शिस्तीचा भाग झाला. नोकरीच्या अर्जावर फोटो चिकटवायची तिथली जुनी रीत आहे. सरकारी भरतीतून तो काढून टाकण्याचा निर्णय २०१७मध्ये घ्यावा लागला. चेहरा नीट ठेवणं म्हणजे समोरच्याचा मान राखणं आणि स्वतःवर मेहनत घेणं, ही समजूत तिथे खोलवर आहे. म्हणूनच ‘इनिस्फ्री’सारखी कंपनी सैनिकांसाठी त्वचेला न झोंबणारा कॅमोफ्लाज रंग बाजारात आणते आणि तो विकलाही जातो. ‘शनेल’ या फ्रेंच कंपनीने सप्टेंबर २०१८मध्ये पुरुषांसाठीची पहिली मेकअप मालिका आणली, तेव्हा पॅरिस किंवा न्यूयॉर्कऐवजी सुरुवात दक्षिण कोरियातून केली.

आता बीटीएसकडे वळायला हवं, कारण मुलींची नजर पुरुषाचं फक्त रूप घडवते की वागणंही, या प्रश्नाचं उत्तर त्यांच्या इतिहासात आहे.

१३ जून २०१३ रोजी हा सात जणांचा गट आला तेव्हा तो जाड साखळ्या घातलेला, कपाळाला आठ्या पाडणारा हिपहॉप गट होता. त्यांची सुरुवातीची काही गाणी बायकांविषयी उद्दाम आणि उथळ होती, विशेषतः २०१४चं ‘वॉर ऑफ हॉर्मोन’. १७ मे २०१६ला सोलच्या गंगनम स्थानकाजवळ एका तरुणीचा अनोळखी पुरुषाने खून केला. स्त्रियांनी आपल्याकडे कायम दुर्लक्ष केलं, असं कारण त्याने दिलं. त्या खुनाने कोरियन मुली पेटून उठल्या आणि त्याच सुमारास बीटीएसच्या कोरियन चाहत्यांनी समाजमाध्यमांवर मोहीम चालवून कंपनीकडे जाब मागितला. या मुली गटाच्या विरोधक नव्हत्या. अल्बम विकत घेणाऱ्या, मतं देणाऱ्या, मैफलीत ओरडणाऱ्या त्याच होत्या. जुलै २०१६मध्ये ‘बिग हिट’ कंपनीने जाहीर माफी मागितली आणि गाण्यांचे शब्द स्त्रियांचा अवमान करू शकतात हे मान्य केलं. पुढच्या बीटीएसमध्ये जो फरक दिसतो, त्याचं श्रेय बरंच या मुलींना जातं. ते त्यांना अजून पुरेसं दिलं गेलेलं नाही.

त्यानंतरच्या काही महिन्यांत आणि वर्षांत या मुलांच्या तोंडून जे ऐकू आलं, ते कोरियन पुरुषाच्या तोंडी नवीन होतं. ऑगस्ट २०१६मध्ये गटातल्या शुगाने ‘ऑगस्ट डी’ या नावाने एकल गाणी काढली आणि त्यांतल्या एकात नैराश्य, समाजाची भीती आणि मानसोपचारतज्ज्ञाकडे गेल्याची गोष्ट उघड सांगितली. २०१७च्या नोव्हेंबरमध्ये गटाने युनिसेफबरोबर हिंसेविरुद्ध मोहीम सुरू केली. २४ सप्टेंबर २०१८ला संयुक्त राष्ट्रांच्या मुख्यालयात बोलताना गटातल्याच आरएमने स्वतःच्या चुका, भीती आणि हरवलेपण यांबद्दल सांगितलं आणि ऐकणाऱ्या तरुणांना त्यांचा वर्ण, त्यांची लैंगिक ओळख कोणतीही असो, स्वतःबद्दल बोला, असं आवाहन केलं. आर्थिक सहकार्य आणि विकास संघटनेच्या सदस्यदेशांत आत्महत्येचं प्रमाण दक्षिण कोरियात सर्वाधिक आहे आणि मरणाऱ्यांत पुरुष स्त्रियांहून बरेच जास्त आहेत. १८ डिसेंबर २०१७ला शाइनीचा गायक जाँगह्युन याने सत्ताविसाव्या वर्षी आयुष्य संपवलं होतं. अशा देशात पुरुषाने ‘मला मदत लागते’ म्हणणं हे काजळापेक्षा कितीतरी मोठं धाडस आहे.

सरकारने मात्र आपला हक्क सोडलेला नाही. दक्षिण कोरियात प्रत्येक सुदृढ पुरुषाला साधारण दीड वर्ष लष्करात काढावं लागतं. ऑलिम्पिकचं कोणतंही पदक किंवा आशियाई स्पर्धेतलं सुवर्ण मिळवणाऱ्याला सूट मिळते, म्हणून फुटबॉलपटू सन ह्युंग-मिन २०१८च्या सुवर्णपदकाने सुटला. ठरावीक स्पर्धा जिंकणाऱ्या शास्त्रीय संगीतकारालाही सूट आहे. पॉप गायकाला नाही. यू सुंग-जुन हा नव्वदच्या दशकातला लाडका गायक २००२मध्ये अमेरिकन नागरिक झाला. सैनिकी सेवा चुकवण्यासाठीच त्याने हे केलं, असा ठपका ठेवून सरकारने त्याला देशात प्रवेश बंद केला आणि तो वाद दोन दशकांहून अधिक काळ चालला, पुढे न्यायालयांतही गेला. बीटीएससाठी डिसेंबर २०२०मध्ये कायदा बदलून तीस वर्षांपर्यंत मुदत वाढवली गेली, एवढंच. १३ डिसेंबर २०२२ला सर्वांत थोरला जिन डोकं भादरून उत्तर कोरियाच्या सीमेजवळच्या यनचन इथल्या छावणीत दाखल झाला. पुढे तो तिथेच नवशिक्या सैनिकांचा सहायक प्रशिक्षक झाला. १२ जून २०२४ला सुटला आणि दुसऱ्याच दिवशी सोलमध्ये एक हजार चाहत्यांना एकेक करून मिठी मारली.

त्या दोन दिवसांत के-पॉपच्या पुरुषाची सगळी गुंतागुंत दिसते. सैनिक आणि मिठी मारणारा मुलगा एकमेकांच्या विरोधात उभे नाहीत. सरकारला पाहिजे तो पुरुष आणि मुलींना पाहिजे तो पुरुष एकाच देहात पाळीपाळीने नांदतात. अनेक कोरियन बाप आपल्या गुलाबी केसांच्या मुलाला निमूट स्वीकारतात, त्याचं हेही एक कारण आहे: शेवटी तो छावणीत जाणारच आहे.

मृदू चेहरा म्हणजे मृदू वागणं, असंही नाही. २०१९मध्ये सोलच्या ‘बर्निंग सन’ या क्लबचं प्रकरण उघडं पडलं. ‘बिग बँग’ या मोठ्या गटातला सुंगरी त्या प्रकरणात होता. गायक जंग जून-यंग मित्रांच्या चॅट गटांत बायकांचे चोरून घेतलेले व्हिडिओ पाठवत होता, आणि सामूहिक बलात्काराच्या गुन्ह्यात त्याला तुरुंगवास झाला. सुंगरीलाही वेश्याव्यवसायाची दलाली आणि इतर आरोपांखाली शिक्षा झाली. दोघांचे चेहरे टीव्हीवर गोड, विनोदी, निरागस होते. या प्रकरणाने ज्या मुलींचा विश्वासघात झाला, त्यांनीच सुंगरीला गटातून काढण्याची मागणी लावून धरली.

सामान्य कोरियन तरुण पुरुषही आयडॉलच्या वाटेने गेलेला दिसत नाही. २०१८मध्ये ‘रेड वेल्व्हेट’ गटातल्या आयरीनने चो नाम-जू यांची ‘किम जि-यंग, जन्म १९८२’ ही कादंबरी वाचल्याचं सांगितलं. एका साध्या गृहिणीच्या आयुष्यातल्या भेदभावाची ती कथा आहे. एवढ्यावरून काही पुरुष चाहत्यांनी आयरीनचे फोटो जाळून आणि कापून त्याची छायाचित्रं टाकली. टोकियो ऑलिम्पिकमध्ये तीन सुवर्णपदकं जिंकणारी तिरंदाज अन सान हिला आखूड केसांवरून ‘स्त्रीवादी’ म्हणून शिव्या पडल्या. २०२२च्या अध्यक्षीय निवडणुकीत यून सुक-योल यांनी लैंगिक समानता मंत्रालय बंद करण्याचं आश्वासन दिलं आणि तरुण पुरुषांची मतं मोठ्या प्रमाणात मिळवली. ज्या देशाने जगाला नवा पुरुष दिला, त्याच देशातले तरुण त्या पुरुषामागच्या स्त्रियांवर चिडलेले आहेत. पुरुष कसा असावा हे बायकांनी ठरवणं हेच त्यांना सलतं, असं मानायला जागा आहे.

समलिंगी पुरुषांच्या बाबतीत ही मर्यादा आणखी ठसठशीत आहे. रंगमंचावर दोन मुलं एकमेकांना बिलगतात, चाहत्या टाळ्या पिटतात, कंपन्यांना ते चालतं. पण स्वतःला उघडपणे समलिंगी म्हणवणारा गायक हॉलंड जानेवारी २०१८मध्ये आला तो मोठ्या कंपनीच्या पाठबळाविना, आणि त्याच्या पहिल्याच व्हिडिओला एका चुंबनामुळे फक्त प्रौढांसाठीचं प्रमाणपत्र मिळालं. ‘जस्ट बी’ गटातल्या बेनने एप्रिल २०२५मध्ये आपण समलिंगी असल्याचं जाहीर केलं, तेही सोलमध्ये नाही, लॉस एंजेलिसच्या मैफलीत.

कोरियाबाहेर गेल्यावर या पुरुषाचा अर्थ जागोजागी बदलतो. अमेरिकेत १८८२मध्ये चिनी मजुरांना बंदी करणारा कायदा झाला, तेव्हापासून आशियाई पुरुष एक तर धोकादायक किंवा हास्यास्पद. ‘ब्रेकफास्ट अ‍ॅट टिफनीज’मध्ये १९६१ला मिकी रूनी या गोऱ्या नटाने दात पुढे काढून जपानी शेजारी रंगवला. १९८४च्या ‘सिक्स्टीन कँडल्स’मधला आशियाई विद्यार्थी पडद्यावर आला की घंटा वाजे. तिथे मे २०१८मध्ये बीटीएसचा कोरियन अल्बम बिलबोर्डच्या यादीत पहिला आला आणि सर्व वर्णांच्या मुली आशियाई मुलग्यांची पोस्टर खोलीत लावू लागल्या. आशियाई वंशाच्या अमेरिकन मुलग्यांना त्याचा अर्थ काय वाटला असेल, हे सहज समजतं. त्यात एक नवी अडचणही आहे: गोरा, सडपातळ, तुकतुकीत कोरियन चेहराच आता आशियाई देखणेपणाचं माप होऊ लागला. फिलिपिनो, बंगाली किंवा तमिळ मुलगा त्या मापात सहज बसत नाही.

चीनमध्ये त्याची भीती वाटली. २०१२मध्ये आलेल्या ‘एक्सो’ या गटातले काही चिनी गायक मायदेशी परतून प्रचंड लोकप्रिय झाले आणि तशा नाजूक तरुणांची लाट आली. चिनी प्रक्षेपणांत पुरुषांच्या कानातल्या बाळ्या धूसर करून दाखवल्या जाऊ लागल्या. अखेर २ सप्टेंबर २०२१ला तिथल्या रेडिओ-दूरचित्रवाणी प्रशासनाने ‘बायकी’ सौंदर्यदृष्टीला पूर्ण मज्जाव करणारी सूचना वाहिन्यांना काढली. पार्क चुंग-हींच्या पोलिसांच्या हातातली कात्री इथे परिपत्रकाच्या रूपात दिसते.

कझाकस्तानची गोष्ट कमी माहीत असलेली, पण सगळ्यांत विचार करायला लावणारी आहे. २०१५मध्ये ‘नाइंटी वन’ हा पाच मुलांचा गट आला. नाव स्वातंत्र्याच्या वर्षावरून घेतलेलं, घडण के-पॉपची. रंगवलेले केस, कानातलं, मेकअप. २०१६च्या त्यांच्या दौऱ्यात गावोगावी पुरुषांचे जमाव जमले, ही मुलं कझाक मर्दाला बट्टा लावतात म्हणून निदर्शनं झाली आणि अनेक ठिकाणचे कार्यक्रम रद्द झाले. हा गट गात होता मात्र कझाक भाषेत, आणि तेही शहरी तरुणाईला रशियनच भारी वाटत होती अशा काळात. राष्ट्राचा अपमान केल्याचा आरोप ज्यांच्यावर झाला, त्यांनीच ती भाषा नव्या पिढीच्या तोंडी आणली. आज त्यांच्या पाठोपाठ आलेल्या गटांमुळे ‘क्यू-पॉप’ हा संगीतप्रकारच तिथे उभा आहे.

भारतात ही लाट पहिल्यांदा पोहोचली ती मणिपूरमध्ये. २०००मध्ये तिथल्या एका बंडखोर संघटनेने हिंदी चित्रपट आणि गाण्यांवर बंदी घातली. रिकामी झालेली जागा अरिरांग या कोरियन वाहिनीने आणि सीमेपलीकडून येणाऱ्या डीव्हीडींनी भरली. इम्फाळच्या मुलांनी कोरियन नटांसारखे केस कापून घेतले, तेव्हा मुंबई-पुण्यात के-पॉप हा शब्दही माहीत नव्हता. दिल्लीत शिकायला गेल्यावर ज्या चेहऱ्यासाठी त्यांना हिणवलं जात होतं, तसाच चेहरा पडद्यावर नायकाचा होता.

बाकी देशात लाट टाळेबंदीच्या काळात मोबाइलवरून शिरली. आवड मुलींची असली की तिची खिल्ली उडवायची जुनी सवय इथेही उफाळून आली. शाळा-कॉलेजांत बीटीएस ऐकणाऱ्या मुलीला ‘तुझे ते बायले’ असं ऐकावं लागतं आणि ऐकणारा मुलगा असेल तर तो शब्द थेट त्याच्यावरच येतो. जानेवारी २०२३मध्ये मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवर झालेल्या लोलापालूझा या संगीत महोत्सवात ‘गॉट सेव्हन’ गटाचा जॅक्सन वांग गायला. तो हाँगकाँगसाठी तलवारबाजी करत युवा ऑलिम्पिकपर्यंत गेलेला खेळाडू आहे. २०२५मध्ये त्याने दिलजीत दोसांझबरोबर गाणं केलं. पगडी, दाढी, पंजाबी रुबाब आणि कोरियात घडलेला आयडॉल एका चौकटीत आले, आणि दोघांपैकी कोणी कमी पुरुष वाटला नाही.

बीटीएसची कंपनी, आता ‘हाइब’ या नावाची, २०२५मध्येच मुंबईत शाखा उघडून बसली आहे. इथली मुलं-मुली निवडून कोरियन पद्धतीने घडवण्याचा तिचा इरादा आहे. तालीमखान्यात उभ्या राहणाऱ्या मुलग्यांनी कसं दिसावं, काय बोलावं, कोणत्या शब्दांची माफी मागावी, हे सांगणाऱ्या मुली नाशिक, नागपूर, कोल्हापूरच्या घरांत आज हेडफोन लावून बसलेल्या आहेत. कोरियात त्यांच्या आधीच्या मुलींनी हा अधिकार अल्बमच्या पैशांतून कमावला. इथल्या बहुतेक मुलींच्या हातात स्वतःचा पैसा अजून यायचा आहे, आणि गाणी तर त्या फुकटच ऐकतात.